घरचा वसंत व रानचा वणवा

फाल्गुन लागला म्हणजे आपल्या झाडीपट्टींत ऋतु पालटल्याची वर्दी पंचांग पाहून घ्यावी लागत नाहीं. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभें राहून नागझिऱ्याच्या डोंगराकडे नजर टाकावी. पानें झडलेल्या काळपट फांद्यांवर पळस पेटल्यासारखा दिसतो, काटेसावरीच्या उघड्या माथ्यावर लाल फुलें बसलेलीं असतात, गांवाजवळच्या आमराईंतून मोहोराचा वास येतो, आणि पहांटे मोहाखालीं टपटप फुलें पडूं लागतात. खरिपाच्या धानाची मळणी केव्हांच होऊन गेलेली असते. बांध्यांतील लाखोळी, जवस, हरभरा निघत असतो. ज्यांस पाणी आहे त्यांचा उन्हाळी धान हिरवागार उभा असतो. वर्षभरांत कास्तकाराला मान वर करून चार घटका इकडेतिकडे पाहण्याची सवड मिळते ती याच दिवसांत.

या सवडींत येणारे आपले सण, म्हणजे होळी, धूळवड, पाडवा व रामनवमी, हे वसंताच्या स्वागताचेच सण होत. हें स्वागत घरीं कसें करावें, त्यास काय लागतें, आणि तें करतांना आपण कोणती गोष्ट विसरतों, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय बायकांचा आहे, शेतकीच्या मासिकांत त्याचें काय प्रयोजन, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, घर हें शेताचेंच एक अंग आहे. आणि पाडव्याच्या पंगतीचा व तलावांतील पाण्याचा संबंध वरवर दिसतो त्याहून फार जवळचा आहे. तो कसा, हें पुढें ओघानें येईलच.

आमचें आयुष्य महसूल खात्यांतील कारकुनींत गेलें. त्या खात्यांत मार्च महिना म्हणजे वसुलीचा महिना. त्यामुळें वसंत ऋतु आम्हांस पुष्कळ वर्षें ‘मार्चअखेर’ या नांवानेंच ठाऊक होता. आतां सवड आहे, आणि गांवोगांवीं सणावारीं जाणें घडतें. तेथें जें दिसतें त्यांतील एक गोष्ट मनास खटकते. दारापुढें पळस फुलला असतां चौकटीवर गोंदियाच्या बाजारांतून आणलेलें प्लॅस्टिकच्या झेंडूचें तोरण लोंबत असतें. तेंच तोरण दिवाळीस असतें, तेंच पाडव्यास असतें, आणि उन्हानें रंग विटला म्हणजे तेंच बोडीच्या कांठीं पडलेलें असतें. त्याच चोरखमाऱ्याच्या वेशींतून नागपूर-रायपूरचे लोक पैसे मोजून जंगल पाहण्यास आंत जातात. आणि ज्यांच्या दारांत तें जंगल फुकट फुललें आहे ते आपण मात्र बाजारांतून रंगीत कागद विकत आणतों. याला काय म्हणावें!

शहरवासीयांचें आम्ही समजूं शकतों. त्यांस दारीं झाड नाहीं, अंगण नाहीं, शेण नाहीं, पांढरी माती नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या घरीं यांपैकीं काय नाहीं? होळीपूर्वीं आठ दिवस घराच्या भिंती पांढऱ्या मातीनें पोताराव्या, खालीं गेरूचा पट्टा ओढावा, अंगण शेणानें सारवावें, आणि तांदळाच्या पिठाची चार ठिपक्यांची रांगोळी घालावी, एवढ्यानें जी शोभा येते ती शंभर रुपयांच्या झालरींस येत नाहीं. दाराला आंब्याच्या पानांचें व कडुलिंबाच्या डहाळीचें तोरण असावें. मात्र आंब्याचीं पानें घ्यावींत, मोहोराचा तुरा तोडूं नये. तुऱ्याबरोबर पुढचें फळ जातें. पितळेच्या तांब्यांत पाणी भरून त्यांत पळसाची एक लहान फांदी ओसरीवर ठेवावी. बुरुडाकडून घेतलेल्या नव्या टोपलींत मोगऱ्याचीं फुलें असलीं तर उत्तम, नसलीं तर शेवग्याचीं असावींत. सजावट म्हणजे पुष्कळ वस्तु मांडणें नव्हे. घर झाडून, सारवून, नको तें काढून टाकलें आणि एक ताजी वस्तु नजरेस पडेल अशी ठेवली, म्हणजे सजावट झाली.

रंगाविषयींही तेंच. धूळवडीस जे कोरडे रंग पुड्यांतून येतात त्यांपैकीं कित्येकांत शिसें, क्रोमियम यांसारख्या धातूंचे क्षार आढळले आहेत; त्यांनीं डोळे चुरचुरतात, कातडीवर पुरळ उठतें, आणि लहान मुलांच्या पोटांत गेले तर त्याहून वाईट. आपल्या वाडवडिलांचा रंग पळसाचा होता, आणि तो करण्यास कांहीं विद्या लागत नाहीं. झाडाखालीं गळून पडलेलीं फुलें टोपलीभर वेंचून आणावींत, सावलींत वाळवावींत, आदल्या रात्रीं हंडाभर कढत पाण्यांत टाकून झांकून ठेवावींत, आणि सकाळीं तें पाणी फडक्यानें गाळून घ्यावें. पिवळसर केशरी रंग उतरतो. त्यांत चुन्याची थोडी निवळी टाकली तर रंग अधिक लालसर व गडद होतो. मात्र निवळी बेतानेंच टाकावी, कारण जास्त चुना अंगास चरचरतो. यासाठीं झाडावर चढून फांद्या ओरबाडण्याचें कारण नाहीं. पळसाच्या फुलांतील मध मैना, पोपट व शिंजीर यांचें या दिवसांतलें खाणें आहे; त्यांनीं खाऊन टाकलेलीं आणि वाऱ्यानें पडलेलीं फुलें आपल्या हंड्यास पुरून उरतात.

होळीस जें जळण लागतें त्याविषयीं एकच वाक्य पुरे. ज्या गांवीं मोहल्ल्यामोहल्ल्यास होळी न पेटतां सबंध गांवाची एकच होळी पेटते, आणि तींत ओल्या लांकडाऐवजीं मुलांनीं केलेल्या शेणाच्या चाकोल्यांच्या माळा पडतात, त्या गांवाची होळी आम्हांस सर्वांत शोभिवंत वाटते.

वसंताचें स्वागत घरांत मांडण्याची चाल आपलीच आहे असें नव्हे. इराणांत २१ मार्चच्या सुमारास, दिवस व रात्र सारखीं होतात त्या दिवशीं, नवरोज येतो. त्या दिवसासाठीं घरोघरीं एका चौरंगावर सात वस्तु मांडतात, आणि त्यांत गव्हाचे किंवा मसुरीचे कोवळे अंकुर ताटलींत उगवून ठेवलेले असतात. तेराव्या दिवशीं ते वाहत्या पाण्यांत सोडून देतात. आपल्याकडील पारशी लोक जमशेदी नवरोज म्हणून तोच दिवस पाळतात, आणि २०१० सालीं संयुक्त राष्ट्रांनीं त्या दिवसास जागतिक दिनाचा मान दिला. आतां आमच्या वाचकांनीं चैत्राच्या नवरात्रांतील जवारा डोळ्यांपुढें आणावा. आपल्या भागांत, तसेंच लगतच्या बालाघाट व छत्तीसगडकडे, टोपल्यांतून माती घालून गहूं पेरतात, तो अंधाऱ्या खोलींत पिवळा कोवळा वाढवितात, आणि शेवटीं वाजतगाजत तलावांत विसर्जन करतात. हजारों मैलांचें अंतर, धर्म निराळा, भाषा निराळी. तरी बीं रुजतें आहे हें घरांत पाहावें आणि मग तें पाण्याच्या स्वाधीन करावें, ही शेतकऱ्याची बुद्धि दोन्हीकडे एकच. जपानांत चेरी फुलली म्हणजे लोक कुटुंबासह झाडाखालीं चटई पसरून जेवतात. फुलाचा मान करण्यास फूल तोडावेंच लागतें असें नाहीं, हा धडा त्यांच्यापासून घेण्यासारखा आहे.

आतां जेवणाकडे वळूं. वसंतांतील घरगुती जेवण हें ऋतूला धरून असावें. पाडव्याच्या सकाळीं कडुलिंबाचा कोवळा पाला व फुलोरा, भिजविलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओंवा व हिंग एकत्र वाटून सर्वांनीं थोडें थोडें खावें; मुलें तोंड वेंगाडतात, परंतु तोंड वेंगाडणें हाही सणाचाच भाग आहे. दुपारीं आपल्या बांधींतल्या तांदळाचा भात, नव्या हरभऱ्याच्या डाळीचें पुरण, कैरीचें सार किंवा पन्हें. ज्यांच्याकडे चिन्नोर असेल त्यांनीं त्याची खीर करावी. भंडाऱ्याच्या चिन्नोरास आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु सुवासिक धान विकून टाकून घरीं जाडाभरडा तांदूळ खाण्याची जी संवय कास्तकारांस लागली आहे ती मानांकनानें जाणार नाहीं. वर्षांतून एक दिवस तरी पिकविणाऱ्याच्या पानांत त्याचें उत्तम पीक पडावें. आणि पान म्हणजे पानच असावें. पळसाच्या पानांची पत्रावळ व द्रोण हीं आपल्याकडे म्हाताऱ्या बाया बसल्या बसल्या टाचतात. दोन दिवस आधीं त्यांस सांगून ठेवलें तर त्यांस चार पैसे मिळतात, आणि उष्टीं पानें दुसऱ्या दिवशीं उकिरड्यांत जाऊन खत होतात. थर्माकोलच्या ताटलीस हा गुण नाहीं. तिला गाय हुंगते, क्वचित् खातेही, आणि पुढें काय होतें तें गोठा असलेल्यांस सांगावयास नको.

जेवणांत मोहाचाही मान असावा असें आमचें मत आहे. मोह म्हटला कीं कित्येक प्रतिष्ठित लोक नाक मुरडतात, कारण त्यांस भट्टी आठवते. परंतु मोहफूल हें मुळांत गोड अन्न आहे. वाळविलेलीं फुलें भाजून तिळांबरोबर कुटून त्यांचे लाडू करतात. पिठांत मळून पोळी करतात. दुष्काळांत या फुलांनीं गरिबांचीं घरें जगविलीं आहेत. राज्य सरकारनें २०२१ सालीं मोहफुलें गोळा करणें, साठविणें व नेणें यांवरील निर्बंध उठविले. त्याच वर्षीं छत्तीसगडांतील कोरबा भागांतलीं वाळविलेलीं मोहफुलें जहाजानें फ्रान्स देशास गेलीं. जी वस्तु फ्रेंच लोक पैसे देऊन मागवितात ती आपल्या पाडव्याच्या पानांत वाढण्यास लाज कशाची?

पंगतीविषयीं एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे. घरांत सण होतो तो कोणाच्या हातांनीं होतो? सारवणें, पोतारणें, दळणें, पुरण वाटणें, पत्रावळी टाचणें हीं सर्व कामें बायकांचीं. आणि त्यांतही मोहाच्या हंगामांत गरीब घरची बाई पहांटे चारला उठून टोपली घेऊन रानांत गेलेली असते. ती परत येते, फुलें अंगणांत पसरते, आणि मग चुलीपाशीं बसते. सर्व पुरुष जेवले, पाहुणे जेवले, मुलें जेवलीं, म्हणजे उरलेल्या वरणांत पाणी घालून ती जेवते. अशा घरांत तोरण कितीही सुंदर लावलें तरी त्यांत वसंत आला असें आम्ही म्हणणार नाहीं. आमची सूचना साधी आहे. पाडव्याच्या दिवशीं सर्वांनीं एकाच पंगतीस बसावें, आणि वाढण्याचें काम घरांतील कर्त्या पुरुषांनीं व मुलग्यांनीं करावें. भाताचें पातेलें उचलल्यानें कोणाची मालकी कमी होत नाहीं.

आणि त्याच पंगतींत सालदारही असावा. आपल्याकडे पाडव्यास सालदाराचें साल संपतें व नवें साल ठरतें. या दिवशीं त्याचा हिशेब चोख करून, बाकी हातांत देऊन, मग त्यास सहकुटुंब जेवावयास बसवावें. हिशेब लोंबकळत ठेवून वर गोड जेवण घालणें हें खरें नव्हे. आम्हीं जन्मभर बाक्यांचे तक्ते लिहिले. बाकी राहिलेल्या माणसास पुरण गोड लागत नाहीं एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

येथपर्यंत घराचें झालें. आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. ज्या दिवसांत आपण घरीं वसंताचें स्वागत करतों, त्याच दिवसांत आपल्यापैकींच कित्येक जण रानांत त्याला काडी लावतात. मोहाखालीं पाचोळा साचलेला असतो, त्यांत फुलें पडलीं तर वेंचण्यास त्रास होतो, म्हणून आदल्या संध्याकाळीं झाडाखालचा पाला पेटवून देतात. पेटविणारा घरीं जातो. आग घरीं जात नाहीं. ती वाऱ्याबरोबर झुडपांत, झुडपांतून बांबूंत आणि बांबूंतून डोंगरावर चढते. रात्रीं गांवांतून डोंगरावर आगीची माळ दिसते, आणि मुलें ती कौतुकानें पाहतात. होळी एक दिवसाची; ही दुसरी होळी पावसाळा लागेपर्यंत चालते. वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा हंगाम म्हणून धरतें, जाळरेषा काढतें, मजूर नेमतें. परंतु जाळरेषेच्या आंतूनच काडी पडली तर ती काय करणार?

या आगीची किंमत काय असते तें नागझिऱ्यानें पाहिलें आहे. एप्रिल २०२१ मध्यें नागझिऱ्याच्या जंगलांत लागलेली आग विझवितांना तीन हंगामी वनमजूर जळून मरण पावले व दोघे होरपळले. ते कोणी परके नव्हते. याच भागांतील, आपल्यासारख्याच घरांतील माणसें होतीं. ती विशिष्ट आग कशानें लागली हा प्रश्न आपण बाजूस ठेवूं. जंगलांत या दिवसांत आग लागली म्हणजे ती विझविण्यास कोणाच्या तरी मुलाला जावें लागतें, एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी पुरे. पाडव्याच्या सुमारास ज्या घरीं असें प्रेत येतें त्या घरीं गुढी कोण उभारणार?

कित्येक कास्तकार म्हणतील, जंगल सरकारचें, आग सरकारनें पाहावी, आमचा संबंध काय? संबंध पाण्याचा आहे. चोरखमाऱ्याचा तलाव १९२३ सालचा. तिरोडा तालुक्यांतील किती तरी बांध्या त्याच्या व त्याच्यासारख्या तलावांच्या पाण्यावर उभ्या आहेत. शिवाय आपल्या पूर्वजांनीं बांधलेले मालगुजारी तलाव व बोड्या आहेतच. या तलावांत पाणी येतें तें भोंवतालच्या डोंगरांवरून. डोंगरावर पाचोळ्याचा थर असला म्हणजे मृगाचा पहिला पाऊस त्यांत मुरतो, पाणी हळूहळू झिरपतें आणि स्वच्छ येतें. तो थर जाळून टाकला म्हणजे उघडी माती पहिल्याच पावसांत राखेसह वाहून ओढ्यांत आणि ओढ्यांतून तलावांत येते. गाळ बसतो, तेवढें पाणी कमी साठतें, आणि शेवटच्या पाण्याच्या वेळीं लोंबींत आलेला धान वाळतो. मग आपण कालव्याच्या चौकीदाराशीं भांडतों. ज्या काडीनें मोहाखालचा पाला जाळला त्याच काडीनें आपली बांधी कोरडी केली, हें मात्र कोणी हिशेबांत धरीत नाहीं.

आगीनें मोहाचाही नाश होतो. मोठें झाड सहसा मरत नाहीं, परंतु त्याच्या बुंध्याची साल दरवर्षीं भाजते व झाड पोकळ होतें. आणि त्याच्याखालीं उगवलेलीं लहान रोपें एकूणएक जळतात. आपल्या गांवच्या शिवारांत फिरून पाहावें. मोहाचीं झाडें आजोबांच्या वयाचीं दिसतात, नातवाच्या वयाचें झाड दिसत नाहीं. जुन्या मध्यप्रांताच्या बंदोबस्ताच्या कागदांत मालगुजाराच्या ‘सिवाय’ उत्पन्नांत मोहाचें उत्पन्न धरलें जात असे. आणि गांवच्या वाजिब-उल-अर्जांत झाडें, चराई, पाणी यांविषयींच्या चालीरीति लिहिलेल्या असत. मालगुजारी १९५१ सालीं गेली, परंतु निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांस १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांतही स्थान आहे. आमचे पूर्वज मोहास मालमत्ता समजत होते व तिची नोंद ठेवीत होते. ज्या मालमत्तेचें उत्पन्न दरसाल घ्यावयाचें तिला दरसाल आग लावणारा मालक आम्हांस दुसऱ्या कोणत्याही धंद्यांत आढळलेला नाहीं.

कायदा काय म्हणतो तेंही सांगणें जरूर आहे. राखीव जंगलांत आग लावणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें गुन्हा आहे, आणि अभयारण्यांत आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानें मनाई आहे. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, आणि २०१३ पासून तें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. दुसऱ्या बाजूस, २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनांत राहणाऱ्या लोकांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. म्हणजे मोह वेंचण्याचा हक्क लोकांचा आहे. जंगल जाळण्याचा हक्क कोणाचाच नाहीं. परंतु आमची भिस्त कायद्यावर नाहीं. आम्हीं पुष्कळ कायदे फायलींत झोपलेले पाहिले आहेत. जी गोष्ट घरांत ठरते तीच शिवारांत टिकते.

आतां मोह वेंचणाऱ्याची अडचण खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पाचोळ्यांत फूल दिसत नाहीं हें खरें. परंतु त्यास उपाय आहेत, आणि ते स्वस्त आहेत.

पहिला उपाय खराट्याचा. मोह गळूं लागण्यापूर्वीं झाडाखालची जागा झाडून पाला एका बाजूस ढीग करावा. आपल्या बांधावरील झाडाखालचा हा पाला म्हणजे फुकटचें खत आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं जी नाडेप खताची रीति काढली तींत दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असें जाळीदार विटांचें टांकें बांधून पालापाचोळा, शेणकाला व माती यांचे थर देतात. टांकें भरून वरून लिंपलें म्हणजे तीन-चार महिन्यांत उत्तम खत तयार होतें. चैत्रांत भरलेलें टांकें रोवणीच्या आधीं बांधींत टाकतां येतें. ज्यानें पाला जाळला त्यानें खताची गाडी जाळली.

दुसरा उपाय जाळ्याचा. झाडाखालीं शेडनेटचें कापड किंवा जुनीं लुगडीं जोडून केलेली चादर पसरावी. फूल मातीस न लागतां स्वच्छ मिळतें, वेंचण्याचा वेळ वांचतो, कंबर वांचते, आणि स्वच्छ फुलास भावही चांगला येतो. दोन-चार घरांनीं मिळून एक जाळें घेतलें तर खर्च जाणवत नाहीं.

तिसरी गोष्ट उपायाची नव्हे, सावधगिरीची आहे. मोहफूल हें अस्वलाचें आवडतें खाणें आहे, आणि या रानांत वाघ-बिबटेही आहेत. अंधारांत एकट्या बाईनें वांकून फुलें वेंचणें धोक्याचें आहे. चांगलें उजाडल्यावर, चार-पांच जणींनीं मिळून, बोलत-चालत जावें. जाळें पसरलेलें असलें म्हणजे पहांटे चारला धांवण्याची निकडही कमी होते.

तेंदूच्या कोवळ्या फुटीसाठीं व नव्या गवतासाठींही आग लावतात. तेंदूचीं झुडपें हंगामापूर्वीं छाटलीं तरी फूट चांगली येते. आणि गवत तर पाऊस पडल्यावांचून येणारच नाहीं, आग आज लावा कीं न लावा.

हे उपाय करावयाचे कोणी? ज्यांच्या बांधावर मोह आहेत त्या जमीनवाल्यांनीं आधीं करावे. आपल्या झाडाचा मोह बहुतेक वेळीं आपण अर्ध्या वाट्यानें वेंचावयास देतों. देतांनाच सांगावें कीं, झाडाखालीं काडी लागतां कामा नये, आणि जाळें आम्ही देऊं. जाळें मालकानें द्यावयाचें आणि राखण वेंचणाऱ्यानें करावयाची, असा करार पाडव्याच्या दिवशीं, सालदाराच्या करारासारखाच, तोंडानें कां होईना, करावा. गांवसभेंत ठराव झाला तर अधिक चांगलें. परंतु ठरावाची वाट पाहत बसूं नये. एका शिवारांत पांच मालकांनीं हें केलें तर सहाव्यास काडी लावण्याची लाज वाटूं लागते.

असो. आमच्या म्हणण्याचा सारांश एवढाच कीं, वसंताचें स्वागत करण्यास पैसा लागत नाहीं. तांब्यांत पळसाची फांदी, दारास आंब्याचें पान, पानांत घरचा चिन्नोर, पंगतींत घरची बाई व सालदार, आणि डोंगरावर काळोख, म्हणजे आग नाहीं, एवढें साधलें कीं स्वागत पूर्ण झालें. यंदाच्या पाडव्यास गुढी उभारून झाल्यावर वाचकांनीं सहज एकदां आपल्या बांधावरच्या मोहापर्यंत जाऊन यावें, त्याच्या बुंध्याची साल पाहावी, खालीं एखादें रोप उगवलें आहे काय तें पाहावें, आणि असल्यास त्याच्याभोंवतीं चार कांटेरी फांद्या रोवाव्या.